आमच्या मंडळीचं वय किती धरायचं? (कोनशिला, जुनं रजिस्टर आणि एक न लागणारं अक्षर)

फळ्यापाशी

नमस्कार मंडळी.

लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. आमच्याकडे 'मंडळी' म्हणजे चर्चची माणसं. इमारत ती देऊळ, माणसं ती मंडळी. पाळकसाहेब दारातून "मंडळी जमली का?" विचारतात तेव्हा ते भिंतींची चौकशी करत नसतात. माझा प्रश्न याच दोन शब्दांच्या मधे अडकलाय, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही.) चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त. पंचांनी स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात घातलं, कारण काय तर "बाईंचं अक्षर चांगलं". स्मरणिका कॉम्प्युटरवर छापायची आहे, त्यात अक्षराचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

देवळाच्या दाराशी कोनशिला आहे. ती विसाव्या शतकातल्या पहिल्या दशकातली. शतकमहोत्सव आम्ही तिच्यावरूनच केला होता, मांडव घातला, बिशपसाहेब आले, जेवणावळ झाली. आता सव्वाशेची तयारी. तर गेल्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांच्या खोलीतलं कपाट वाळवी लागली म्हणून हलवलं आणि मागे भिंतीला टेकून पडलेलं एक रजिस्टर निघालं. हातभर लांब, पाठीला कातडं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. कागद निळसर, रकाने हातानं आखलेले: अनुक्रम, नाव, गाव, पूर्वीची जात, बाप्तिस्म्याची तारीख, कोणी दिला, शेरा. पहिली नोंद कोनशिलेच्या अठ्ठावीस वर्षं आधीची!

म्हणजे आम्ही शंभरी साजरी केली तेव्हा मंडळी एकशे अठ्ठावीस वर्षांची होती की काय? पंच म्हणतात, "बाई, दगडावर कोरलंय ते खरं. वही काय, कोणीही लिहील."

दुसरी अडचण शेऱ्यांची. मागच्या स्मरणिकेत अकरा पानं साहेब लोकांच्या, म्हणजे मिशनऱ्यांच्या, फोटोंची होती आणि आपल्या माणसांना एक पान, तेही जाहिरातींच्या आधीचं. मला या वेळी उलटं करायचं होतं. पण आपल्या माणसांची माहिती कुठे, तर शेऱ्याच्या रकान्यात. आणि तिथे काय लिहिलंय ते बघा: "पटकीने मेला". "मुंबईस गिरणीत गेला". "दूर केला, दुसरी बायको केली". "दूर केली, जत्रेस गेली व नारळ फोडला". "पुन्हा घेतला". ('दूर केला' म्हणजे मंडळीतून काढला.) एका गृहस्थांना तीन वेळा दूर केलंय आणि तिन्ही वेळा परत घेतलंय. त्यांचे पणतू आमचे खजिनदार आहेत. ते म्हणाले, "बाई, बाकी काहीही छापा."

एक पान मात्र मी दोन-तीनदा वाचून मिटलं. १९१८ चा ऑक्टोबर. ओळीनं अकरा नावं, प्रत्येकापुढे एकच शब्द, "मानमोडी", म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. सगळं एका अक्षरात, वळणदार, शाळामास्तरी. बारावी ओळ दुसऱ्याच्या अक्षरात आहे, वेडीवाकडी. ती त्या मास्तरांचीच. रजिस्टर तोवर तेच लिहीत होते.

तिसरं, आणि खरं तर यासाठीच हा धागा काढला. रजिस्टर उलटं धरलं की मागच्या बाजूनं सहा-सात पानं मोडीत आहेत. मला मोडी येत नाही. नावांची यादी दिसते, आणि प्रत्येक नावापुढे "मु." सारखं एक अक्षर, मग आकडा आणि दोन उभ्या रेघा. मला वाटलं, मु. म्हणजे मुक्काम. पण मुक्कामापुढे गावाचं नाव हवं, आकडा कशाला? एका पानाचा फोटो जोडलाय. कोणी वाचेल का?

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना ही दुनिया माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकन मिशनची पहिली माणसं मुंबईत उतरली १८१३ साली, कंपनी सरकारला ती नको होती. नगरला ठाणं झालं १८३१ मध्ये. त्याच नगरला सिंथिया फॅरार मडमबाईंची मुलींची शाळा होती. जोतीरावांनी १८४८ मध्ये ती पाहिली आणि सावित्रीबाईंनी फॅरारबाईंच्या हाताखाली शिक्षिकेचे धडे घेतले. प्रशिक्षित शिक्षिकांच्या वंशावळीत मी त्या बाजूनं स्वतःला शेवटच्या बाकावर बसवते, कोणी हरकत घेऊ नये.

---

जालनेकर

सलाम बाई. छान धागा. पंचांना सांगा, दगड खोटं बोलत नाही, पण तो फक्त स्वतःबद्दल बोलतो. कोनशिलेवरचं साल इमारतीचं.

तुमच्याकडे तीन वेगळ्या तारखा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्यात. पहिली, मिशनचं ठाणं कधी पडलं, म्हणजे साहेब बंगला बांधून किंवा तंबू ठोकून कधी राहिला. दुसरी, मंडळी कधी स्थापन झाली. तिसरी, देऊळ कधी बांधलं. अमेरिकन मिशन हे कॉंग्रिगेशनल परंपरेचं. त्यांच्या समजुतीनं काही विश्वासणारे एकत्र येऊन लेखी करार करतात, आपले सेवक निवडतात, आणि त्या दिवशी चर्च जन्माला येतं. छप्पर असो की लिंबाचं झाड. नगरचंच घ्या ना, ठाणं १८३१ चं आणि तिथली पहिली मंडळी १८३३ ची. दोन वर्षं साहेब होते, शाळा होत्या, पण 'चर्च' नव्हतं.

आता पहिल्या नोंदीबद्दल. तिच्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. रजिस्टर उघडा आणि पहिल्या पानाची शाई बघा. सुरुवातीच्या दहा-पंधरा नोंदी एकाच शाईत, एकाच टाकानं, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर त्या नंतर उतरवून काढलेल्या आहेत. म्हणजे या माणसांचा बाप्तिस्मा कुठेतरी आधी झाला (बहुधा नगरला, किंवा शेजारच्या ठाण्यावर), आणि तुमची मंडळी उभी राहिली तेव्हा त्यांची नावं 'दाखला' घेऊन इकडे आली. शाई जिथे बदलते, तिथे तुमची मंडळी सुरू होते. 'कोणी दिला' हा रकानाही ताडून बघा.

बाहेरून पडताळायचं तर अमेरिकन बोर्डाचे (या मिशनची बोस्टनची मूळ संस्था) वार्षिक अहवाल आणि 'मिशनरी हेरल्ड' हे त्यांचं मासिक, दोन्ही स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट आहेत. मूळ पत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात. शोधताना गंमत अशी की आपल्या गावांची स्पेलिंगं साहेबांनी कानाला लागली तशी केलीत. शिरूर शोधायचं तर 'सेरूर' टाका, वडाळा 'वुडाले', आणि नगर 'नग्गर'. मी तीन रात्री चुकीच्या स्पेलिंगवर काढल्यात. 'ज्ञानोदय'चे जुने अंक मिळाले तर सोन्याहून पिवळं. १८४२ मध्ये नगरलाच निघालेलं पत्र, गावोगावच्या मंडळ्यांच्या बातम्या त्यात मराठीत येत.

आमच्याकडे आणखी एक भानगड असते. जालना निजामाच्या राज्यात. नारायण शेषाद्रींनी इथे बेथेल वसवलं ते स्कॉटिश मिशनचं, पण जमिनीचे कागद फसली सनात, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षात. आमच्या एका जुन्या पुस्तिकेत कोणीतरी फसली सन तसाच इसवी म्हणून छापला आणि मंडळी शिवाजी महाराजांच्या आधीची झाली. ५९० मिळवायचे असतात. तुमचा मुलूख इंग्रजांचा, तरी एखादा जमिनीचा कागद हाती आला तर सन कोणता ते आधी बघा.

---

खोचक_पण_खरं

राग मानू नका, पण १८७६ ते ७८ च्या दुष्काळात तुमच्या रजिस्टरात नावांची गर्दी झाली असणार, हे मी न बघता सांगतो. भाकरीसाठी झालेली मंडळी. हे स्मरणिकेत येणार का, की तिथे "सत्याचा शोध" वगैरे?

---

फळ्यापाशी

जालनेकर, उत्तर सावकाश देते, आधी शाई बघून येते.

खोचकराव, राग नाही. पस्तिसाव्या वर्षापर्यंत हाच प्रश्न मी माझ्या वडिलांना विचारायचे, तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत. होय, दुष्काळानंतर नोंदी वाढल्यात, आणि छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळानंतरही. लपवत नाही. पण नुसता नावांचा रकाना बघून उठू नका, शेराही वाचा. पाऊस झाल्यावर काहींच्या पुढे "परत गेला" आहे. जे भाकरीला आले होते ते भाकरी मिळाल्यावर गेले, यात मला त्यांचंही काही चुकलेलं दिसत नाही. उपाशी माणसानं काय करायचं असतं?

प्रश्न राहिलेल्यांचा आहे. 'पूर्वीची जात' हा रकाना बहुतेक ठिकाणी महार, थोडे मांग, एखाददुसरा कुणबी. ख्रिस्ती झाल्यावर गावानं विहिरीवर घेतलं असं झालेलं नाही, उलट बलुत्याची भाकर धोक्यात आली. महार आणि मांग एका ताटात जेवत नव्हते. साहेबाचा हट्ट की प्रभुभोजनाला एकाच पेल्यातून प्यायचं. त्यावरून रुसवे झालेत, माणसं दूर झालीत, तेही शेऱ्यात आहे: "पंक्तीस बसला नाही". भाकरीसाठी आलेला माणूस पंक्तीवरून उठून जात नाही हो.

आणि हिशेबच करायचा तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. भाकरी त्या दिवसापासून पलीकडच्या बाजूला आहे. तरी आमच्या देवळात रविवारी बसायला जागा मिळत नाही, पंखा असलेल्या बाकावर तर नाहीच.

---

खोचक_पण_खरं

"पंक्तीस बसला नाही" हे माहीत नव्हतं. हे छापा बुवा.

---

वेशीपलीकडचा

मी ख्रिस्ती नाही, पण मिशन कंपाउंडच्या भिंतीला लागून वाढलो. आमच्या घरी घड्याळ आलं तोवर देवळाच्या घंटेवर दूध तापायचं. मला आठवतो तो हंगामाचा सण. उपासना झाली की देवळासमोर लिलाव. ज्वारीची कणसं, भोपळा, कोंबडी, अंडी, कोणी विणलेला रुमाल. एकदा एक पपई चार वेळा विकली गेली, कारण जो घ्यायचा तो पुन्हा अर्पणात ठेवायचा. माझ्या आजोबांनी कोंबडा सोडवला होता, आणि आजीनं तो घरात घेऊ दिला नाही. मग आम्ही तो पाळकांच्याच घरी नेऊन दिला.

इतिहासात बसतं का हे, माहीत नाही. बसत नसेल तर सोडून द्या.

---

फळ्यापाशी

बसतं. चार वेळा विकली गेलेली पपई नक्की बसते. तुमची परवानगी धरते.

---

पाळकाची_धाकटी

बाई, माझे वडील पाळक होते, दर चार-पाच वर्षांनी बदली, त्यामुळे मी पाच मंडळ्यांची रजिस्टरं लहानपणी पाहिलीत. (पाहिलीत म्हणजे त्यांच्यावर बसून अभ्यास केलाय.) शेऱ्यांबद्दल माझं मत सांगते.

दूर केलेल्यांची नावं छापू नका, पण कारणं छापा. नाव काढलं की ती भानगड उरत नाही, तो त्या काळाचा आरसा होतो. लोक कशासाठी दूर केले जात होते याचीच एक यादी करा: जत्रा, दुसरं लग्न, तमाशा, दारू, शब्बाथाच्या दिवशी बैलगाडी जुंपणं, पंक्ती. आणि तीन वेळा दूर होऊन तीन वेळा परत आलेल्या आजोबांचं म्हणाल, तर मी खजिनदार असते तर पहिल्या पानावर छापायला लावलं असतं. माणूस तीन वेळा हाकलून तीन वेळा परत येतो तो काय भाकरीसाठी? पण ते त्यांनी ठरवायचं. घरी जाऊन विचारा, फोनवर नको.

दुसरं, नावांचा घोळ घालू नका. तुमच्या जुन्या दाखल्यांवर आधी 'अमेरिकन मराठी मिशन' असेल. १९२४ नंतरच्यांवर 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया', कारण तेव्हा कॉंग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन एक झाले. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला आणखी मोठी एकी झाली, अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट धरून, तिथून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'. मागच्या स्मरणिकेत आमच्याकडे कोणीतरी लिहिलं होतं की मंडळीनं तीनदा पंथ बदलला! पंथ कसला बदलतात, लेटरहेड बदललं. आजी शेवटपर्यंत "आम्ही अमेरिकन मिशनचे" म्हणायची, अमेरिका कुठल्या दिशेला आहे ते माहीत नसताना.

फक्त एक फरक खरा होता. एकीच्या आधी नगर भागात एसपीजीवाले (अँग्लिकन मिशनचे) वेगळे, त्यांचा बिशप आणि छापील प्रार्थना. आमच्यात मंडळीची सभा आणि हात वर करून मतदान. रुसलेला माणूस इकडून तिकडे जायचा. तेव्हा शेऱ्यात नुसतं "गेला" असेल तर तो मेला असं धरू नका. पलीकडच्या देवळात सापडेल.

---

जालनेकर

हे 'गेला'चं फार महत्त्वाचं. मी एका माणसाला चुकून सदतीस वर्षं आधी मारलं होतं.

---

मोडीवेडा

फोटो मोठा करून पाहिला. प्रकाश कमी पडलाय, उजवी कड वाचता येत नाही, पण बाकी अक्षर स्वच्छ आहे. लिहिणारा शाळामास्तर असणार, कोर्टकचेरीच्या कारकुनाची घाई त्यात नाही.

बाई, ते मु. म्हणजे मुक्काम नाही. मूठ. आणि त्या दोन उभ्या रेघा पूर्णविराम नाहीत, अर्धा आहे. "मु. २॥ शेर" म्हणजे मूठ अडीच शेर. एक रेघ असेल तिथे पाव, तीन असतील तिथे पाऊण. काही ठिकाणी पुढे 'पा.' आहे, ती पायली.

वरचं शीर्षक असं लागतं: "पाळक यांचे वेतनाबद्दल मुठीचे धान्य". खाली महिना आणि साल, इसवीच आहे. मग नावं.

आता नावांबद्दल एक गोष्ट, जी तुमच्या लक्षात आली नसेल कारण मोडी येत नाही. ही यादी सबंध बायकांची आहे. प्रत्येक ठिकाणी आधी तिचं नाव, मग 'कोम', मग नवऱ्याचं नाव. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, जसं मुलाला 'बिन'. जुन्या दस्तांत सर्रास येतं. या पानावर एकही पुरुष नाही.

उरलेली पानं टाका, वाचून देतो. स्वतः शिकायचं मनात असेल तर पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात. बाराखडी कळायला पंधरा दिवस पुरे, बाकी सगळा सराव.

---

जालनेकर

थांबा थांबा. "पाळक यांचे वेतनाबद्दल"? बाई, मग तुमचं उत्तर इथेच आहे कदाचित.

अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे येऊन गेले. त्यांचा आग्रह असा की गावातल्या मंडळीला गावातलाच पाळक हवा आणि त्याचं वेतन शक्य तितकं मंडळीनंच द्यावं, बोस्टनच्या पैशावर देऊळ चालता कामा नये. पुढे कित्येक दशकं मिशनची गाडी या स्वावलंबनावरच अडून असायची. अहवालात साहेब लिहितात, अमुक मंडळी पाळकाचा इतका भाग देते, तमुक काहीच देत नाही. आता ज्या शेतमजुराच्या घरात रोकड दिसायची वर्षातून दोनदा, तो पगार देणार कसा? तर मुठीनं. बाईनं स्वयंपाकाला धान्य घेतलं की त्यातली एक मूठ वेगळ्या गाडग्यात. महिन्याला गाडगं देवळात.

यादीवरचा महिना आणि रजिस्टरात शाई जिथे बदलते ती तारीख, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

---

फळ्यापाशी

पाहिलं. काल दुपारी देवळात एकटीच बसून पाहिलं, पंखा बंद करून, नाहीतर पानं उडतात.

पहिल्या एकोणीस नोंदी एकाच काळ्या शाईत आहेत. 'कोणी दिला' या रकान्यात त्या एकोणिसांपुढे नगरच्या साहेबांची आणि एका शेजारच्या ठाण्याची नावं. विसाव्या नोंदीपासून शाई तपकिरी, आणि 'कोणी दिला' मध्ये आपलाच माणूस, पाळक म्हणून. दोन्हींत आठ महिन्यांचं अंतर. आणि मुठीच्या यादीवरचा पहिला महिना हा विसाव्या नोंदीच्या मागचा महिना. म्हणजे पाळक आले, पण त्याच्या महिनाभर आधी गाडगी भरायला लागली होती.

मोडीवेडा, अडीचचं चिन्ह मला कळू नये याची लाज वाटते. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी झोपेत पाठ होती. कपाळावर हात मारला असता त्यांनी. चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि अर्ध्याला पूर्णविराम समजले.

पंचांची बैठक झाली. ठरलं ते असं. कोनशिलेचं साल देवळाचं म्हणून राहील, मांडव आणि जेवणावळ त्यावरच होईल, कारण मांडववाल्याला आगाऊ रक्कम दिलीय. (अशी कारणं इतिहासाला फार लागतात.) पण मुखपृष्ठावर मंडळीचं वय वेगळं छापायचं, विसाव्या नोंदीपासून मोजून. पहिल्या एकोणिसांचं पान त्याच्या आधी, 'आलेली माणसं' म्हणून. दोघे पंच अजून फुगलेत, त्यांच्या मते आता शतकमहोत्सवाची पाटी खोटी ठरते. मी म्हटलं, पाटीखाली 'देवळाचा' एवढा एक शब्द रंगवून घेऊ, माझ्या अक्षरात. अक्षर चांगलंय ना माझं?

खजिनदारांच्या घरी गेले होते. चहा झाला, पणजोबांचा विषय काढला, ते गप्प. त्यांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, "तीन वेळा? आम्हाला दोनच माहीत होते." मग सगळेच हसले. नाव छापायला होकार मिळाला नाही अजून, पण नकारही गेला.

आता माझं स्वतःचं. माझ्या पणजोबांची नोंद रजिस्टरच्या सरळ बाजूला आहे, सोळाव्या क्रमांकावर. नाव, गाव, जात, तारीख सगळं, आणि नावापुढे "सहकुटुंब, ४ असामी". हे चार असामी म्हणजे पणजी आणि तीन लेकरं की आणखी कोणी, ते कळायला मार्ग नव्हता. पणजीचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. ती बायबलबाईंबरोबर (घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका) खेडोपाडी हिंडायची, एवढंच ऐकून होतो. घरात तिला सगळे 'म्हातारी'च म्हणायचे, आणि वडील लहान असतानाच ती गेली.

मोडीवेडा, तुम्ही वाचून दिलेल्या पानावर खालून चौथी ओळ. 'कोम'च्या पुढे माझ्या पणजोबांचं नाव आहे. गाव तेच. मु. १॥। शेर.

'कोम'च्या आधी काय आहे ते मी इथे लिहीत नाही. आधी घरी सांगायचंय. धाकटी काकू नव्वदीला आलीय. ती ऐकून घेईल आणि म्हणेल, "मला माहीतच होतं." तिला म्हणू दे.

बाकीच्या सहा पानांचे फोटो उद्या सकाळी टाकते, देवळाच्या पायरीवर उन्हात काढून. उजवी कडही नीट येईल असं बघते.